धुऱ्याकडची ओळ

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या स्टँडवर मेडशीच्या बसची वाट पाहत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो... बसमध्ये जागा होती, तरी मेडशीपर्यंत उभाच राहिलो.

आम्ही एका वर्गातले. मी मास्तर झालो, तो नट. मुंबईत त्याने हवालदार केले, वकील केले, आणि नवरीचे बाप तर इतके केले, की गावात लग्न निघालं की लोक म्हणत, "दिगंबरले बलवा, त्याले रडायची सवय हाये." उतारवयात एकदाचं वऱ्हाडी सिनेमात मुख्य काम मिळालं, तेही शूटिंग त्याच्याच वावरात. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला आणि निर्मात्याने हात वर केले. युनिट निघून गेलं. मागे उरला दिगंबर आणि पिकलेलं सोयाबीन.

वाळलेलं सोयाबीन कोणासाठी थांबत नाही. शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात. शेजारपाजारचे सोंगणी करून मोकळे झाले, याचं पीक उभंच! मी वावरात जाऊन ओरडलो, "अरे, सोन्यासारखं पीक मातीत चाललं. सोंगत काहून नाहीस?"

"पिक्चरमधी उभं हाये ना. मंग शेवटच्या सीनले कसं सोंगू?"

"आन् पिक्चरले पैसा कोन देते?"

"मुंबईचा फ्लॅट इकला. सोमवारी युनिट येऊन राह्यलं."

उभ्या आयुष्याची कमाई होती ती. मी त्याच्या शेजारी उभ्या वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माह्याकडं नका पाहू भाऊजी. सही म्याबी केली."

सिनेमा पुरा झाला, जेमतेम आठवडाभर चालला. फ्लॅट गेला तो गेलाच. दिगंबर मेडशीत राहून शेती करू लागला, पण त्याच्या तोंडून हळहळ कधी ऐकली नाही. मी जन्मभर फुंकून ताक पिणारा माणूस. त्याच्या छातीचा मला हेवा वाटायचा. दर सोंगणीला धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, एक ओळ तो मुद्दाम उभी ठेवायचा. म्हणायचा, "तेवढी पिक्चरची." मी चिडायचो, तो हसायचा.

यंदाची सोंगणी त्याच्यावाचून झाली. बायांनी शेवटच्या ओळीला विळा लावला, तोच वहिनी म्हणाल्या, "ते राहू द्या वं बायांनो. ते त्याईची हाये." बाया गेल्या. आम्ही दोघं धुऱ्यावर बसून राहिलो. ऊन चढलं तशा शेंगा तडकू लागल्या... एकेक दाणा मातीत जात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला ते नुकसान वाटलं नाही.