मामाजीचं कुरण

केसरबाई, राज्यं नव्यानं आखली त्या साली मोजणीवाले बोरगावला आले. तुम्ही गाई चारत होतात, म्हणून कुरणाचं नाव त्यांनी तुम्हालाच विचारलं. कुरण सोनबाजींच्या नावाचं, आणि सोनबाजी तुमचे सासरे. सून सासऱ्याचं नाव घेते थोडीच? तुम्ही म्हणालात, "मामाजीचं कुरण." नकाशावर तेच छापलं.

गाव हसलं, "हे काय साऱ्या सरकारचे मामाजी?" सासऱ्याचं नाव आपणच पुसलं, असं वाटून तुम्ही त्या कुरणाकडे गाई नेणंच सोडलंत.

मी, तुमची शेजारीण, म्हटलं, "नागपूरला नकाशाच्या कचेरीत चला. पण ज्यानं नाव सांगितलं, त्यानंच दुरुस्त करायचं असतं."

"म्हंजे तिथं मामाजीचं नाव मलेच घ्या लागन?"

"हो."

"लाज वाटून राहिली बाई. पुढच्या बाजाराले जाऊ."

असे बाजारामागून बाजार गेले, तुम्ही वारलात, आणि आपलं नागपूरला जाणं राहिलंच.