रोजचाच पंप

माझ्याकडे दम्याचे दोन पंप होते. निळा लाडका. धाप लागली की ओढायचा, थोड्या वेळात छाती मोकळी. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, पण त्यानं लगेच काही जाणवायचं नाही, म्हणून बरं वाटलं की तो कपाटात. गरज सरो, वैद्य मरो! महिन्याभरात छातीत पुन्हा शिट्टी. कारखान्याच्या मालकांनी तर बजावलंच होतं, परत असा दम लागला तर घरीच बसा.

शेवटी भवानी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही काढून घेतले आणि नवा एकच दिला. "रोज सकाळ-संध्याकाळ हाच. मधे दम लागला तरी हाच. नंतर चूळ भरा. दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, ते लिहून दिलंय. त्यापुढं गेलात तर सरळ दवाखाना गाठा." मी मान डोलावली, पण पटलं नाही. रोजचं औषध ऐन वेळी काय कामाचं? तरी घेत राहिले, निव्वळ त्यांच्या धाकानं.

मी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालते. शनिवारी माग बंद करून त्यांच्यावरचा कापूस हवेच्या पाइपानं उडवतात. तेव्हा आम्ही बायका बाहेर बसतो. एका शनिवारी ऑर्डर निघायची होती, म्हणून नको तो शहाणपणा करून मी आतच थांबले. दहा मिनिटांत छाती आवळली.

शेजारच्या टेबलावरच्या अक्कानं मला ओढत बाहेर नेलं आणि तोंडात गुळाचा खडा कोंबला. तिच्या विणकर घरातला हा जुना उपाय, गुळानं घशातला कापूस खाली उतरतो म्हणे. इथं श्वास मिळायची मारामार आणि तोंडात गूळ! मी तो थुंकून टाकला. पिशवीत तो एकच पंप. निळा असता तर, असं वाटून मला रडूच फुटलं.

"रडतीस काय! ओढ की तो," अक्का खेकसली.

ओढला. थोडं थांबून, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिल्याप्रमाणे पुन्हा एकदा. आणि हळूहळू खांदे खाली आले, वारा आत जायला लागला. इतकं हलकं वाटलं की पायरीवर बसून मी नुसती श्वास घेत राहिले.

"आता घरी जा," अक्का म्हणाली.

"न्हाय जायची. ती हवा मारून होऊ दे, मग येते मी टेबलावर." एवढं सगळं एका दमात बोलले. मलाच हसू आलं.

संध्याकाळी मिस्टर नेहमीच्या वेळी गाडी घेऊन आले. त्यांना सांगितलं, दुपारी दम लागला होता.

"मग फोन का न्हाय केलास?"

"करणार होते. तेवढ्यात पंपानं दम बसला की."

यावर काहीतरी टोमणा येईल म्हणून मी वाट बघत होते. ते किक मारायची सोडून तसेच उभे राहिले आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. इतकी वर्षं मला वाटायचं, घाबरते ती एकटी मीच.