फिलिमोनकाकांचा पोलादी दोर

पोलादाच्या कारखान्यातून काहीही आणलेलं नाही असं घर आमच्या गलात्स शहरात सापडणं कठीण होतं. कुणाच्या बाल्कनीचा कठडा तिथला, तर कुणाच्या द्राक्षवेलीचा मांडव. त्याला चोरी म्हणत नसत, ‘कारखान्यातून आणलं’ म्हणत. फिलिमोन ब्रातु तिथे क्रेनवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होताना ते एक पोलादी दोर अंगाभोवती गुंडाळून, वर ओव्हरकोट चढवून बाहेर पडले. जून महिना होता. फाटकावरचा पहारेकरी एवढंच म्हणाला, “थंडी फार पडलीय, काका.”

हा दोर काकांनी आमच्या आणि समोरच्या इमारतीच्या गच्च्यांमध्ये ताणला आणि त्याच्या आधाराने इंटरनेटची केबल नेली. फोनवरच्या इंटरनेटचं बिल तेव्हा मिनिटांवर यायचं. काकांनी एक मोठी जोडणी घेतली आणि तिचा खर्च दोन्ही इमारतींत वाटून टाकला. घरं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी व्हायचा. तक्रारीची सोयही साधी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या झाम्फिरामावशी तोरिनोतल्या लेकीशी संगणकावरून बोलत. आवाज तुटला की त्या सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या हीटरच्या नळावर डाव आपटत. आठव्या मजल्यावरून काका उलट दोनदा पाना आपटत, म्हणजे तक्रार पोचली.

२००६ साली एक मोठी कंपनी आली. तिने सहा महिने फुकट इंटरनेट देऊ केलं आणि केबल सरळ काकांच्या दोराला बांधली. चार घरं तिकडे गेली. उरलेल्यांचा वाटा वाढला, म्हणून आणखी पाच गेली. अजून दोन-तीन गेली असती तर मोठ्या जोडणीचं बिल निघालं नसतं आणि काकांचं जाळं बंद पडलं असतं. मग कंपनी म्हणेल तो दर.

काका कंपनीच्या कचेरीत गेले. “दोर माझा आहे. भाडं द्या.”

“पावती?” खिडकीतल्या मुलीने विचारलं.

“कारखान्यातून आणलाय.”

“आमच्या बाबांनी गॅरेजचं दार आणलंय, काका. पण पावती नाही, म्हणजे कागदावर तो दोर कुणाचाच नाही.”

काका घरी आले, जेवले आणि मोठा पाना घेऊन गच्चीवर निघाले. इमारतीचा कारभार बघणाऱ्या एउफ्रोसिनाबाई जिन्यात आडव्या आल्या.

“दोर सोडलात तर तुमचीही केबल खाली येईल. अक्कल गहाण ठेवलीत का?”

“येऊ दे.”

“आणि घरं?”

“ती तशीही चाललीत.”

दोन्ही केबल खालच्या अक्रोडाच्या झाडावर आल्या. कंपनीचा माणूस ओरडत आला, “आमची केबल कुणी पाडली?”

“मी नाही,” काका म्हणाले. “कुणाचाच नसलेला एक दोर होता, तो सोडला.”

नवा दोर ताणायचा तर कंपनीला इमारतीची परवानगी हवी होती. आपल्यालाही ती लागेल असं काकांना वाटत नव्हतं. पेन्शनमधून दोर आणून, या वेळी पावतीसकट, ते गच्चीची किल्ली मागायला गेले. एउफ्रोसिनाबाईंनी पावती वाचून खाली ठेवली.

“गच्ची कुणाची, काका?”

“सगळ्यांची.”

“मग तुमच्या नावाचा दोर तिथे बांधलात तर मी गच्चीचं भाडं लावीन. दोर इमारतीला विका. भाडं दोघांनीही द्यायचं, तुम्ही आणि त्यांनी.”

“माझ्याच डोक्यातून निघालेल्या दोराचं भाडं मी देऊ?”

“नाहीतर ते एकटेच देतील, आणि गच्चीवर केबलही त्यांची एकट्यांचीच राहील.”

काका तिथेच पायरीवर बसले. झाम्फिरामावशी कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होत्या. “फिलिमोन, पोरगी समजतेय मी मेले,” त्या म्हणाल्या. “काय ते ठरवा.”

काकांनी दोर विकला. कंपनीनेही कुरकुर करत करार केला. पुढे फुकटचे महिने संपले आणि तिचा दर काकांच्या वाट्याहून जास्त निघाला. सहा घरं परत आली. तीन तिकडेच राहिली, कारण परत यायचं तर भिंतीला पुन्हा भोक पाडावं लागलं असतं. जाळं चालू राहिलं.

पहिलं भाडं द्यायला काका खाली आले तेव्हा मी तिथेच होते. कंपनीइतकंच भाडं बघून ते भडकले.

“त्यांचा धंदा देशभर, माझा दोन इमारतींत!”

“दोराला देश कळत नाही,” एउफ्रोसिनाबाई म्हणाल्या. “त्याला वजन कळतं. आणि तुमची केबल त्यांच्याहून जाड आहे.”

काकांनी भाडं भरलं. संध्याकाळी ते बाजारात पातळ केबलचा भाव विचारत होते.