रविवारी वाजलेली जपानी घंटा

"बाबा, जपान बघायला विमान कशाला? उद्या सकाळी सहाची गाडी पकडू," असं आमच्या निखिलने शनिवारी जेवताना जाहीर केलं आणि मी हात धुऊन थेट कॅमेरा चार्जिंगला लावला. जर्मनीतल्या डुसेलडॉर्फ शहरात जपानी लोकांची मोठी वस्ती, त्यांची दुकानं, चक्क देऊळसुद्धा! मग काय, मंडळी, आम्ही निघालोच.

पण घाईचं खरं कारण आमची मालती. लुडविग्सहाफेनला मुलाकडे येऊन जेमतेम महिना झाला होता आणि ती 'मला सांगलीला पाठवा' म्हणून बसली होती. झालं असं की, एका रविवारी तिने खलबत्त्यात दाण्याचं कूट केलं. खालच्या बाईंनी दाराला चिठ्ठी लावली, रविवारी आवाज करू नये, इथला नियम आहे. मालतीने त्याचा धसकाच घेतला. पातेलं खाली ठेवतानाही श्वास रोखायची. सोमवारी विमान कंपनीला फोन करून तिकिटाची तारीख अलीकडे आणायची, असं ठरलं होतं. म्हणजे तिचं मन वळवायला माझ्या हातात हा एकच दिवस.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, वीकएंड तिकीट काढा. तीस युरोच्या आसपास एका तिकिटावर पाच जण दिवसभर फिरतात. फक्त जलद गाड्या चालत नाहीत, दोनतीनदा गाडी बदलावी लागते आणि पाचेक तास जातात. डबा बरोबर ठेवा. आणि माइन्झच्या पुढे खिडकी अजिबात सोडू नका! खाली ऱ्हाइन, वर दर वळणाला एक किल्ला, मधल्या कड्यांवर द्राक्षांचे मळे.

मेथीचे पराठे वाढता वाढता मालती म्हणाली, "आपल्या तासगावच्या माणसांना इथे छाटणीला उभं केलं तर थेट नदीत जातील."

मी निखिलकडे बघितलं. गाडी रुळावर येत होती.

डुसेलडॉर्फ स्टेशनापासून पाच मिनिटांवर जपानी रस्ता लागतो. बहुतेक दुकानं रविवारची बंद, पण खाणावळी भरलेल्या. नूडल्सचा रस्सा बऱ्याचदा माशाचा असतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं. आम्ही तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे घेतले, आत लाल कडधान्याचं गोड पुरण.

"अहो, हे तर मोदकाचं चुलत भावंड!" मालतीने दुसरा उचलला.

मग ट्रामने नदीपलीकडे, थोडं चालून देवळात. लाकडी दरवाजा, तळं, छाटलेली झाडं, आणि एका छपराखाली माणसाएवढी घंटा. शेजारी दोरांवर टांगलेला ओंडका. निखिल प्रवेशाचे पैसे देत होता, मी फोटोसाठी कोन शोधत होतो. मालतीने पदर सावरला आणि देवळात शिरताना आपण करतो तेच केलं.

घोंऽऽऽऽ!

छातीत घुमलं हो! बागेतली सगळी माणसं वळली. मालती पांढरीफटक. "अहो, आज रविवार!"

आतून एक पिकल्या केसांच्या जपानी बाई लगबगीने आल्या. निखिल जर्मनमध्ये माफी मागू लागला. आमच्याकडे अशी पद्धत आहे, आईने सवयीने वाजवली, वगैरे. ओघात कुटाची कथाही सांगून बसला. बाई ऐकत राहिल्या, मग मालतीचा हात धरून काहीतरी बोलल्या.

"आई, त्या म्हणतायत, घंटा विचारून वाजवायची असते. पण जर्मनीत आल्यावर पहिली दोन वर्षं त्या नळसुद्धा हळू सोडायच्या."

"मग काय केलं म्हणावं?"

"शेजारणीला जेवायला बोलावलं."

"आणि ती आली?"

"गेनाऊ! म्हणजे, हो तर! अजून येते. आता म्हणे तीच यांना बोलू देत नाही."

मालती तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती बाईंनाही घेऊन. तुम्ही गेलात तर देवळाला दोन तास ठेवाच. आतल्या चटयांना कोवळ्या गवताचा वास येतो, उठावंसं वाटत नाही.

परत आल्यावर कॅमेरा बघितला. किल्ले आहेत, मोदकाचं भावंड आहे, घंटेचा मात्र एकही फोटो नाही. तो घुमारा अजून कानात आहे, तेवढ्यावर माझं भागतं.

सोमवारी निखिल कामाला निघण्याआधी मालतीने त्याच्याकडून एक जर्मन वाक्य देवनागरीत लिहून घेतलं आणि दिवसभर घोकलं. संध्याकाळी कागद मुठीत धरून एकटीच खाली गेली. दहा मिनिटांनी वर आली.

"शनिवारी येतायत जेवायला. तिखट बेताचं हवंय, खुणेने सांगितलं."

"आणि तिकिटाचा फोन?"

"अहो, लोकांना जेवायला बोलावून कोणी गावाला जातं का?"