विमानाच्या पंख्याची घोडी

आमच्या गावी पाहुणा आला की तो लेणी बघतो, मकबरा बघतो, पैठणी घेतो आणि जातो. जुन्या शहरातल्या एका बोळात, जिथं आज कूलर दुरुस्त होतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये, एकेकाळी विमानांचे पंखे तासले जायचे, असं मी त्याला सांगितलं की तो मंद हसतो आणि आणखी चहा मागतो. आयुष्यभर मी हा चहा ओतत आलोय. आता चिडायचा हक्क मला आहे.

निजामाच्या राज्यात गावाबाहेरच्या माळावर लहान विमानं उतरायची. त्यांचे पुढचे पंखे लाकडी. खडा उडाला की पात्याचा टवका निघायचा. माझे आजोबा बैलगाडीची चाकं करणारे सुतार. ते हे पंखे सांधायला शिकले आणि पुढं नवेही तासू लागले. पंखा तोलायला त्यांच्याकडं एक लोखंडी घोडी होती. म्हणजे छातीएवढे उंच दोन खांब आणि त्यांच्या माथ्यावर सुरीसारख्या धारा. पंख्याच्या मधल्या भोकातून सळई घालायची आणि ती धारांवर आडवी ठेवायची. पंखा सोडाल तिथं थांबला तर बरोबर. एक पातं आपोआप खाली आलं तर ते जड, मारा रंधा.

आजोबांच्या मुलांनी पुढं सरकारी नोकऱ्या धरल्या. शेड आणि घोडी आजोबांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिराकडं गेली, आणि त्या कारागिरानंतर त्यांच्या मुलाकडं. हे आमचे चाचा. त्याच घोडीवर ते कूलरचे पंखे तोलतात, आणि त्यांनी तोललेला पंखा उन्हाळाभर खडखडत नाही.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि शेडच्या दर्शनी भागावर लाल फुली पडली. शेड वाचवायचा एकच मार्ग होता. ती जुन्या वास्तूंच्या यादीत जायला हवी होती. मी कचेरीत इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला कर्मचारी समजून पाणी आणायला सांगू लागला. अखेर तपासणीच्या मॅडम म्हणाल्या, "मूळ वस्तू जागेवर असेल आणि ती जुनी आहे हे दिसत असेल, तर शिफारस करता येईल."

"दिसत असेल? मॅडम, घोडीच्या पायावर विलायती कारखान्याची ओतीव अक्षरं आहेत! लहानपणी मी त्यांवरून बोटं फिरवलीत."

त्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचं कबूल केलं. मी आरशासमोर भाषणाची तालीम केली आणि जाकीट चढवलं. बायको म्हणाली, "कुणाच्या लग्नाला?"

शेडच्या दारात मी हात पसरले, "मॅडम, हे आपल्या शहराचं विमानयुगातलं पहिलं पाऊल..." आणि आत बघितलं. घोडी पोपटी झाली होती. नुसती पोपटी नाही, झगझगीत पोपटी. खांबांना चंदेरी पट्टे आणि वर झेंडूची माळ.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्याआधी घोडीला तेलरंगाचा एक हात द्यायचा, ही आजोबांनी घालून दिलेली रीत. चाचांच्या वडिलांनी ती पाळली आणि चाचाही पाळतात. दरवर्षी मी तिथं पेढा खातो; यंदा भाषणाच्या तालमीत तेवढा चुकला. पण रंगाखाली आपला पुरावा गाडला जातोय, हे पेढा खाणाऱ्याच्या डोक्यात कशाला येईल?

"ही नवीन केली का?" मॅडमनी विचारलं.

"नवी कुठली, लई पुरानी हाय," चाचा खुशीत म्हणाले. "पर आप येनार म्हटल्यावर औंदा दोन हात मारले."

मॅडमनी खांबाला बोट लावलं. बोट पोपटी झालं.

बाई भली. म्हणाली, रंग काढून अक्षरं दाखवा, मी पुढच्या आठवड्यात परत येते. तिची गाडी बोळाबाहेर पडताच मी खरवडणी उचलली. चाचा आडवे आले.

"नक्को, बेटा. नौमीचा रंग सालभर ऱ्हातो."

"चाचा, शेड जाईल!"

"तुझ्या दादाजींची रीत हाय. शेड त्यांचीच, रीत बी त्यांचीच. तू कोन रे खरवडनार?"

मी विनवण्या केल्या, रुसलो, खरंच डोळ्यांत पाणी आणलं. चाचा म्हणाले, "नाटकं तुझी लहानपणापासून अशीच." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः घोडीसमोर हात जोडले, पुटपुटले आणि खरवडायला बसले. पोपटी गेला, खाली निळा निघाला. निळ्याखाली चंदेरी, त्याखाली विटकरी, त्याखाली पुन्हा पोपटी. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. शेवटी लोखंड उघडं पडलं. गुळगुळीत. अक्षराचा मागमूस नाही.

"दुसरा पाय असेल," मी म्हणालो. दुसराही गुळगुळीत निघाला.

चाचांनी कपाळावर हात मारला. "हौ रे! अब्बांनी कानशीनं घासली होती ती अक्षरं. खड्ड्यात रंग साचायचा, वघळ यायचे. मीच घोडी धरून बसलो होतो."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"तू कधी इचारलं? तू तं निस्तं भाषनच करतो."

मॅडम आल्या, त्यांनी फोटो काढले, चहा घेतला. मी आजोबांचं सगळं सांगितलं, अगदी विमान उतरताना आवाज कसा यायचा तेही तोंडानं काढून दाखवलं. त्या ऐकत होत्या, आणि ते मंद हसू मला चांगलं ओळखीचं होतं. जुनेपणाची खूण आढळली नाही, असं त्यांनी लिहिलं. खोटं काय होतं त्यात?

मशीन आलं आणि शेडचा पुढचा अर्धा भाग घेऊन गेलं. मी पुन्हा गेलो तेव्हा चाचांनी उरलेल्या भागाला नवा पत्रा ठोकला होता. घोडी मागच्या भिंतीकडं सरकवली होती आणि तिच्यावर कूलरचा पंखा चढवलेला होता. फुलंब्रीचं एक गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं.

"बघ, चालतंय का नाय काम?" चाचा म्हणाले.

मी घोडीला खेटून उभा राहिलो आणि पात्यांसारखे दोन्ही हात फाकवले. एका हाताची बोटं मागच्या भिंतीला टेकली. आजोबांचे पंखे माझ्या हातांपेक्षा लांब असायचे.

"चाचा, विमानाचा पंखा आता इथं फिरणार नाही. टोक भिंतीला अडेल."

चाचांनी पात्यावरची धूळ फुंकली. "कोन आनून ऱ्हायलंय विमान?"

गिऱ्हाईक खो खो हसलं. एरवी असल्या वाक्याला मीच पुढं होऊन टाळी दिली असती. त्या दिवशी नाही दिली.