यंत्रावरचं कुंकू

कंपनीनं खोक्यावर चिकटवलेल्या कागदात कारण इंग्रजीत दिलं होतं: वस्तूवर लाल तेलकट डाग, ग्राहकाच्या हातून खराबी, परत घेता येणार नाही. हुमनाबादच्या कुरियरच्या दुकानात उभ्या उभ्या मी तो कागद तीनदा वाचला. लाल तेलकट डाग म्हणजे माझ्या मायनं काढलेलं स्वस्तिक होतं.

ते पिकोचं यंत्र होतं. आमच्या दुबलगुंडीत ब्लाऊज शिवणाऱ्या बाया होत्या, पण साडीला पिको-फॉल करायचं म्हटलं की हुमनाबाद गाठावं लागायचं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, नवऱ्याचं घर सोडून त्या साली माहेरी आली होती. घरात बसून खाती, हे तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. यंत्र यायच्या आधीच तिनं माझ्याकडून पाटी रंगवून घेतली, ‘येथे पिको-फॉल करून मिळेल’, आणि दारावर ठोकली.

अक्काचं म्हणणं होतं कलबुर्गीला जाऊ, दुकानात चालवून बघू, मग घेऊ. मीच आडवी आले. मी तेव्हा एका संघटनेत होते, पत्रकं लिहायचे, रेशन दुकानापुढं उभी राहून ती वाटायचे, आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं. म्हटलं, दुकानदार यंत्र दाखवायच्या आधी विचारतो, घरात बाप्या माणूस कोण हाय? कॉम्प्युटरला बाई-बाप्या कळत न्हाई. हुमनाबादच्या नेट कॅफेवाल्या अण्णाकडं बसून मीच ऑर्डर केली. कुरियर गावापर्यंत येत नसे, म्हणून पत्ता कुरियरच्याच दुकानाचा दिला. खोकं आलं ते आम्ही दोघींनी मांडीवर घेऊन बसनं गावी आणलं.

लाईट चार वाजता यायची होती. तोवर मायनं पाट मांडला, तेलात कुंकू कालवलं, यंत्राच्या पाठीवर स्वस्तिक काढलं, चाकाला हळद लावली, नारळ फोडला. आमच्याकडं कुठलंही यंत्र असंच घरात येतं. आधी कुंकू, मग बटण. मी देवाला हात जोडत नाही. त्या दिवशीही जोडले नाहीत. भिंतीला टेकून मी म्हटलंसुद्धा, “माय, ते लाईटवर चालतंय, कुंकवावर न्हाई.”

“तू तुझी पत्रकं वाट,” माय म्हणाली.

लाईट आली. अक्कानं चिंधी घातली, पायानं दाबलं, आणि सुई खालच्या पत्र्यावर आदळून मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. सुईनं डावीउजवीकडं हलत टाका घालायचा, ती नुसती डावीकडं जाऊन पत्र्यावर डोकं आपटत होती. पत्र्याचं भोकच वाकडं पाडलेलं. तिसऱ्या सुईला अक्कानं हात लावला नाही.

घरात तोवर गल्लीतल्या साड्यांचा ढीग लागला होता. शेजारच्या घरी आठ दिवसांवर लग्न, नवरीच्या साड्या त्यातच. शेजारीण डोकावून म्हणाली, “पाटी हाय, यंत्र न्हाई. देऊळ हाय, देव न्हाई.”  सकाळी अक्का साड्यांचं गाठोडं बांधून बसनं हुमनाबादला गेली आणि तिथल्या एका पिकोवालीच्या यंत्रावर, ती जेवायला उठली की, संध्याकाळी ती घरी गेली की, असं बसून सगळ्या साड्या पुऱ्या करून आली. पिकोवालीनं विचारलं, “पाटी उतरवली का गं?”

“न्हाई,” अक्का म्हणाली, “अन् उतरवणारबी न्हाई.”

मी कंपनीला फोन लावला. गावातून माणूस पाठवून वस्तू परत नेण्याची सोय नाही, तुम्हीच पाठवा, असं सांगितलं गेलं. आम्ही यंत्र होतं तसं खोक्यात घालून पाठवलं. पुसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इथं कुणाच्या येईल? आणि ते खोकं परत आलं, डागाचा कागद चिकटवून.

पुन्हा फोन. पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली, मॅडम, आपने यूज़ करके खराब किया है. मी म्हटलं, “हमारे यां मशीन को पयले कुंकू लगाते, फिर चलाते.” ती म्हणाली, वही तो डॅमेज है, मॅडम. हे मला तेव्हाही गिळवलं नाही, आजही गिळवत नाही. कारखान्यात भोक वाकडं पाडलं ती खराबी नाही, आणि माझ्या मायचं बोट लागलं ती खराबी.

घरी आले तर माय अंगणात बसून रॉकेलच्या बोळ्यानं स्वस्तिक पुसायलेली. स्वस्तिकाचा एक पाय पुसून झालेला. “माझ्यामुळं झालं,” म्हणाली. “पोरीचं यंत्र अडकलं.” मला वाटलं होतं मी संतापले आहे. संताप खरा तेव्हा आला. मी बोळा तिच्या हातातून ओढून घेतला.

“पुसलं तर ते म्हणतील, बघा, डाग होता म्हणून पुसला.”

“मग काय करायलीस?”

काय करायचं ते मला एकच येत होतं. पत्रक. दुसऱ्या दिवशी अण्णाचा कॅमेऱ्याचा मोबाईल मागून घेतला आणि निघाले. पिठाच्या गिरणीचं चाक, त्यावर कुंकू. ट्रॅक्टरचं नाक, त्यावर कुंकू. किराणा दुकानाचा काटा. बसच्या इंजिनाचं झाकण, ड्रायव्हर म्हणाला मलाबी फोटोत घ्या. अण्णाच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तर विभूतीचे तीन पट्टे आणि मध्ये कुंकू. शेवटी कुरियरचं दुकान.

“ताई, माझा काटा कामून?” कुरियरवाला म्हणाला.

“याच काट्यावर आमचं यंत्र तोलून तुम्ही त्यांना धाडलं. त्याच्यावरबी डाग हाय. बघू दे त्यांना.”

त्यानं काट्याकडं पाहिलं. गेल्या दसऱ्याच्या आयुधपूजेचं कुंकू वाळून काळं पडलेलं. “थांबा मग,” म्हणाला, “फूल ठिवतो.”

सगळे फोटो कंपनीला पाठवले, सोबत वाकड्या भोकाचा आणि तीन पायांच्या स्वस्तिकाचा. खाली लिहिलं: आमच्या भागात कुंकू यंत्र चालवायच्या आधी लावतात. म्हणून कुंकू ही वापराची खूण नाही, नवं यंत्र घरात आल्याची खूण आहे. याला डाग म्हणायचं असेल तर आमच्या तालुक्यात कुठलीच वस्तू विकू नका, आणि तसं जाहीर करा. मी तेच इंग्रजीत करून घेतलं, तेच मराठीत ठेवलं, आणि उत्तर येईपर्यंत रोज पाठवलं. अण्णा म्हणायचा, “ताई, आज नवीन काय लिवलंय?” मी म्हणायचे, कालचंच.

बऱ्याच दिवसांनी घरी कंपनीचा फोन आला. नेमकी मी नव्हते, अक्कानं उचलला. खास बाब म्हणून बदलून देऊ, पण पाठवायच्या आधी वस्तू स्वच्छ करा. अक्काला हिंदी जेमतेम. ती म्हणाली, “नै पुसती. है वैसाच लेके जाव.” आणि फोन ठेवला. मी आल्यावर भीत भीत सांगितलं तिनं, बिघडवलं का गं मी? मी हसायलाच लागले. मला पानभर लागलं होतं तेवढ्याला.

त्यांनी तसंच नेलं.

दुसरं यंत्र आलं तेव्हा मायनं पाट मांडला, कुंकू कालवलं, आणि हात थांबवला. “आधी चालवून बघावं का?” माझ्याकडं बघून विचारलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. शहाणपणाचं होतं, आणि मी ते दिलं असतं.

“कामून?” अक्का म्हणाली. “लाव तू. मोठं काढ.”

मायनं मोठं काढलं, पाठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेल ओघळून चाकावर आलं. मग अक्कानं पदर खोचला, चिंधी घातली, पाय ठेवला. सुई डावीकडं गेली, उजवीकडं आली. बाहेर पाटीखाली शेजारीण हातात साडी घेऊन उभी होती.