नूनला जायचं ठरवलं आणि युनामवर हातमोजा उडाला

आधीच सांगते, मी नून चढलेले नाही. कारगिलच्या पुढे, सुरू नदीच्या खोऱ्यात सात हजार मीटरच्या वर गेलेला तो डोंगर मी अजून फोटोतच बघते. पण गाईड घेऊन एवढ्या उंचीवर जायचं असेल तर तयारी कुठून सुरू होते, हे मला आता बऱ्यापैकी कळलंय. चुकत चुकत कळलंय, म्हणून नीट लक्षात राहिलंय.

मी सुरतेची. घर डिंडोलीत, आईवडील खानदेशातून आलेले, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, आणि काम कतारगामला एका कापडाच्या युनिटमध्ये. चेकिंगचं. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि त्यावर बोटं फिरवत राहायची. तुटलेला धागा, गाठ, विरळ पडलेला पट्टा, काहीही लागलं की खूण करायची. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतं. एक दिवस टेबलावर बारीक बारीक चौकटींचं नायलॉन आलं. फाटलं तरी चीर पुढे जात नाही, असं. शेठला विचारलं, हे कशाचं? म्हणाला, तंबूचं. दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर तंबू शोधले, तंबूंच्या मागे डोंगर दिसला, डोंगराचं नाव नून. डबा तसाच राहिला.

गाईडही असाच शोधता शोधता सापडला. अंगरूपजी, लाहौलचे, पन्नाशीचे. त्यांनी फोनवर पहिलंच विचारलं, "अब तक सबसे ऊपर कहां गई हो?"

मी म्हटलं, "सापुतारा."

ते इतका वेळ हसले की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "नून की बात बाद में। पहले अगस्त में युनाम आओ। छह हज़ार का है। उधर मैं तुमको देखूंगा, तुम मुझको देखना। फिर बताऊंगा, ले जाऊंगा कि नहीं।"

म्हणजे युनाम ही माझ्यासाठी परीक्षा होती. निकाल त्यांच्या हातात.

घरी सांगितलं तर माय म्हणाली, "डोंगरवर जाईसन काय करशी? येडी व्हयनी का?" मग तिनंच तोड काढली, मावशीचा भूषण बरोबर असेल तर जा. भूषण मिलमधून मार्केटला पार्सलचा टेम्पो चालवतो. त्याला डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं. "मले फक्त थंडी पाहनी शे," म्हणाला. सुरतेत ती मिळत नाही हे खरंच आहे.

चढणही मिळत नाही. आमच्याकडे सगळ्यात उंच चढ म्हणजे फ्लायओव्हर. म्हणून आम्ही टेक्स्टाईल मार्केटच्या जिन्यावर सराव केला. पाठीवर कापडाचं पोटलं, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत, परत खाली, परत वर. पहिल्या दिवशी एका दुकानदारानं थांबवलं. "बेन, आ पोटलुं क्यां उतारवानुं छे?" मी म्हटलं, कुठेच नाही, असंच. तो भूषणकडे वळून म्हणाला, "दवा चालू छे एनी?" पुढे तोच रोज ताक द्यायला लागला. तुम्हीही सपाट गावातले असाल तर जिना धरा, आणि उतरताना वजन कमी करा. गुडघे उतरताना जातात, चढताना नाही.

सुरतहून रेल्वेनं अंबाला, तिथून बसनं चंडीगड, चंडीगडहून दुसरी बस मनाली. मनालीपर्यंतचा रस्ता आता बोगद्यांमुळे सोपा झालाय, पण पावसाळ्यात दरड आली की सोपा वगैरे काही राहत नाही. आम्ही मंडीच्या पुढे बराच वेळ अडकलो आणि तेवढ्यात भूषणनं तीन ट्रकवाल्यांशी डिझेलच्या भावावर चर्चा उरकली. एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवूनच तिकिटं काढा.

मनालीत बूट, बर्फावर चालायचे काटे, बर्फाची कुऱ्हाड, सगळं भाड्यानं मिळतं. बूट दोन जोड मोजे घालूनच बघा आणि उतारावर चालून बघा. अंगठा पुढे आपटला तर मोठा नंबर घ्या. जड हातमोजेही तिथेच घेतले. त्यांना मनगटात अडकवायचा इलॅस्टिकचा फास होता. सारखा कुठेतरी अडकायचा, म्हणून मी तो काढून बॅगेत टाकला. इथे थांबून हे वाक्य परत वाचा आणि असं करू नका.

मग बाजारात मी मंत्र छापलेल्या रंगीत पताकांच्या दुकानात शिरले आणि हरवले. पताका हातात घेतली तर बोटांनी लगेच सांगितलं, पॉलिस्टर. दुकानदाराला विचारलं, माल कुठून येतो? "दिल्ली से।" दिल्लीला कुठून, सुरतेहून का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न जगात कुणी विचारलाच नव्हता. भूषण बाहेरून ओरडला, "वैशे, इथंही चेकिंग काढलं का? चल ना आता!"

अंगरूपजी जीप घेऊन आले. बारीक अंगाचे, कानटोपीवाले, हळू बोलणारे. अटल बोगद्यात शिरताना हिरवंगार होतं, बाहेर पडलो तर ढगच संपले होते. केलांग, जिस्पा, दारचा. केलांगच्या अलीकडे तांडीला पंप आहे, तिथे टाकी भरून घ्या, पुढे लांबवर काही नाही. शेतांमध्ये मटारची पोती भरणं चाललं होतं. मला पोत्यांची वीण बघायची होती. अंगरूपजींनी न बोलता गाडी बाजूला घेतली. मी पोती बघेपर्यंत त्यांनी शेतमालकाकडे चहा पिऊन घेतला.

जिस्पाला मुक्काम, तिथे चढून-उतरून शरीराला सवय लावायची. मग सूरज ताल, बारालाचा खिंड, आणि खिंडीपलीकडे भरतपूर. नाव राजस्थानचं, गाव म्हणजे फक्त तंबूंचे ढाबे. डाळ-भात, राजमा, मॅगी, अंडी. खिंडीतच भूषणचं डोकं धरलं. "हीच का थंडी? ही तर नुसती डोकेदुखी शे," म्हणून तो दिवसभर पडून राहिला. दोन दिवस आम्ही वर जाऊन परत खाली येत होतो. गाईड घाई करत असेल तर गाईड बदला, हे मला अंगरूपजींनीच सांगितलं.

दोर बांधायला शिकवताना त्यांना मी भंडावलं. आत काय असतं? त्यांनी एका जुन्या दोराचा कापलेला तुकडा दिला. बाहेर विणलेलं साल, आत सरळ धाग्यांचा गाभा. मी तो उकलत बसले तेव्हा ते म्हणाले, "सब लोग पूछते हैं टूटेगा तो नहीं। तुम पहली हो जो खोल के देख रही हो।" मला वाटलं, परीक्षेत एक मार्क मिळाला.

भरतपूरच्या वर एक छोटा कॅम्प लावला आणि पहाटे शिखराकडे निघालो. युनाम म्हणजे सुटे दगड, सुटे दगड आणि सुटे दगड. एक पाऊल वर, अर्धं खाली. उजाडलं तेव्हा आम्ही बर्फाच्या धारेवर होतो. तिघं एका दोरात. पुढे अंगरूपजी, मध्ये मी, मागे भूषण. दम लागला होता पण डोकं शांत होतं. शिखर समोर होतं, गोल, अगदी साधं. अंगरूपजी मागे वळून म्हणाले, "बढ़िया चल रहे हो दोनों।" दम खायला थांबलो.

तिथे दगडांची एक रास होती आणि तिच्यात जुनी पताका अडकलेली. रंग पार उडालेला. वाऱ्यात तिचे नुसते लांब धागे फडफडत होते. मला वाटलं, आडवा धागा सगळा निघून गेलाय आणि फक्त उभा ताणा उरलाय, असं असेल का? वर्षानुवर्षं वारा एकाच बाजूनं आला तर कापड असं उसवत असेल? मोठा हातमोजा काढला, आतला पातळ मोजाही काढला. दोन्ही काखेत धरले आणि धागे बोटांत घेतले.

खरंच ताणा होता. मी खुश होऊन मागे भूषणकडे वळले, हात उचलला, आणि काख सुटली.

मोठा मोजा उतारावर गडगडत गेला. आतला तर दिसलाच नाही. त्याच्या मागे वाकताना मी उघडा हात बर्फात रोवला, दोर ताणला गेला तेव्हा थांबले. अंगरूपजी खाली येईपर्यंत वारा चालूच होता. त्यांच्या सॅकमध्ये जादा मोजा होता, पण तो बाहेर काढेस्तोवर मधलं बोट, अनामिका आणि करंगळी टोकाला पांढरी पडली होती. मेणासारखी. दुखत नव्हती, हेच वाईट होतं.

त्यांनी जॅकेटची चेन उघडली आणि माझा हात स्वतःच्या काखेत दाबून धरला. बराच वेळ. मग विचारलं, "कुछ पता चल रहा है?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. शिखर तिथेच होतं. "दोन बोटांत," मी म्हटलं, मग घाईघाईत हिंदीत, "दो में थोड़ा। छोटी में नहीं।"

"तो नीचे।"

गाईड एक, दोर एक, म्हणून एक वळला की सगळे वळतात. हे मला आधी माहीत होतं, पण भूषणचं तोंड बघेपर्यंत समजलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा दुसऱ्या गाईडचा खर्च वाढला तरी चालेल, पण घ्या.  तंबूत शिरल्यावर भूषण माझ्या बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, "एवढ्या लांब येऊन चिंधी बघितली. सुरतेत काय चिंध्या कमी होत्या?"

मला रडू आलं. तो म्हणाला, "आता रडू नको, तेबी गोठी जाई."

कोमट पाण्यात हात ठेवल्यावर इतकं दुखलं की दुखण्याचाच आनंद झाला. खाली भरतपूरला मी धीर करून विचारलं, "नून?"

अंगरूपजी चहा ओतत होते. "पूछती बहुत हो, यह अच्छा है। दस्ताना उतार के पूछती हो, यह खराब है।" मग म्हणाले, "तीनों उंगली में पूरी जान आ जाए, तब फोन करना। जो उंगली एक बार ठंड खा गई, उसको ठंड जल्दी पकड़ती है। उससे पहले नून का नाम नहीं।"

सुरतेला उतरलो तर उकाडा होता आणि माझ्या तीन बोटांची टोकं लाकडाची. डॉक्टर म्हणाले, कातडी वाचली आहे, जाण हळूहळू येईल, जपा. चेकिंगला बसले तर कापड हाताखालून नुसतं जायचं, काही सांगायचं नाही. एक गाठ सरळ पुढे गेली. शेठनं मला हात बरा होईपर्यंत पॅकिंगला बसवलं, "हाथ सारो थाय पछी." तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. डोंगरावर वाटली नव्हती. एका पताकेसाठी मी पोटाचं साधन पणाला लावलं होतं, आणि खरं सांगते, ती ताण्याची गोष्ट कळल्याचा आनंदही तितकाच खरा होता. दोन्ही एकदम कसे ठेवायचे ते अजून जमलेलं नाही.

दिवाळीच्या आधी मधलं बोट आलं, मग अनामिका. मला टेबल परत मिळालं. त्याच आठवड्यात अंगरूपजींचा निरोप आला, पुढच्या वर्षीच्या नूनची माणसं ठरवतोय. मी फोन केला.

"तीनों?" त्यांनी विचारलं.

भूषण शेजारीच बसला होता. हातानं खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण. फोनवर बोट कुणाला दिसतंय?

"दो," मी म्हटलं. "छोटी अभी सोई है।"

ते म्हणाले, "तो इस बार दूसरे लोग जाएंगे। तुम तब तक बर्फ का कोर्स कर लो। और भाई का सिर ठीक है ना?"

दोन दिवस रुसण्यात गेले. नंतर कोर्सची चौकशी सुरू केली, परवानग्या आणि विमा कसा असतो ते वाचायला घेतलं, जिना परत धरला. भूषणही येतो. त्याला आता शिखर बघायचंय, थंडी बघून झाली म्हणतो.

करंगळी मी रोज सकाळी नळाखाली धरून बघते. काल थोडंसं झिणझिणलं. अंगरूपजींना कळवलेलं नाही. थोडंसं म्हणजे अजून नाहीच.